प्रीअ‍ॅम्प नेमका करतो काय?
रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा; मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा तर बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत. प्रीअ‍ॅम्पने तो वाढवायचा, शिवाय स्वरांचा तोलही सावरायचा. कारण रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात (नाहीतर खाचा फार रुंद होतील) आणि तार स्वर उचलतात. १९५४च्या सुमारास ‘आरआयएए’ या अमेरिकी रेकॉर्ड उद्योग संघटनेचं प्रमाण रूढ होईपर्यंत प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचा हिशेब निराळा. त्या गोंधळावर उपाय म्हणून न्यूयॉर्कच्या सॉल मॅरंट्झ यांनी घरच्या घरी ‘ऑडिओ कन्सोलेट’ हा प्रीअ‍ॅम्प बनवला. पुढे त्यांच्या कंपनीने काढलेल्या सहा व्हॉल्व्हच्या ‘मॉडेल ७’वर शौकीन आजही जीव टाकतात. सुईच्या तुलनेत सीडी प्लेअर मात्र थेट २ व्होल्ट देतो; सिग्नल वाढवायची गरजच उरत नाही. तिथे लाखमोलाचा प्रीअ‍ॅम्प बहुतेक वेळ आवाज कमीच करत बसतो!