पातेऱ्यातली गोचीड

पावसाळा तोंडावर आला की नियतकालिकांना डासांची आठवण होते. संपादकांचा निरोपही तसाच होता: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर लिहा, डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या अंगाने लिहा. मी सुरुवात डासांपासूनच केली. पण संस्थेचे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे शोधनिबंध वाचताना एक साधी वस्तू पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. फ्लॅनेलचं पांढरं फडकं. ते काठीला बांधायचं, रानातल्या जमिनीवरून ओढत न्यायचं, थांबून उलटं करायचं आणि त्याला काय चिकटलंय ते मोजायचं. एवढ्यावर या देशातल्या एका जीवघेण्या तापाचं कोडं बऱ्याच अंशी सुटलं होतं. मग डास मागे पडले आणि मी गोचिडींच्या मागे लागलो.

संस्थेचा औपचारिक इतिहास थोडक्यात असा. १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी डॉ. खुर्शीद पावरी तिच्या संचालक झाल्या. चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरणारे विषाणू हा केंद्राचा पहिल्यापासूनचा विषय. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या रुग्णांच्या रक्तात सापडलेला विषाणू आज त्या वस्तीच्याच नावाने ओळखला जातो. तो वालुमाशीमार्फत पसरतो. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तिचाही अभ्यास याच संस्थेने केला. पाषाणच्या आवारात २०१२ पासून सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा आहे. या सगळ्यावर स्वतंत्र लेख होतील. मला मात्र १९५७ सालापाशी थांबायचं आहे.

त्या वर्षी मार्च महिन्यात पुण्याला खबर आली, की म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्याच्या रानात माकडं मरून पडताहेत आणि आसपासच्या गावांत माणसंही तापाने फणफणली आहेत. केंद्रातल्या माणसांना धडकी भरावी अशीच ही बातमी होती. पीतज्वर भारतात कधी आला नाही, पण तो आला तर त्याला लागणारं सगळं इथे तयार आहे: एडिस इजिप्ती डास, माकडं आणि त्या विषाणूशी कधीच गाठ न पडलेली कोट्यवधी माणसं. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत माकडं मरू लागली की मागोमाग पीतज्वर येतो, हे तिथे काम केलेल्यांना पाठ होतं. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो तातडीने रानात पोचले. ट्रॅपिडोंनी पनामात जंगली डासांवर काम केलेलं होतं. जंगलातल्या पीतज्वराचे डास झाडांच्या शेंड्यांवर राहतात, तेव्हा पहिली नजर वरच गेली असणार.

उत्तर पायाशी होतं. मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांच्या रक्तातून जो विषाणू वेगळा काढला, तो पीतज्वराचा निघालाच नाही. त्याचं जवळचं नातं निघालं रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी, आणि तो मेंदूज्वर पसरतो गोचिडींमुळे. ज्या रानात हा आजार पहिल्यांदा सापडला त्या क्यासनूरचं नाव विषाणूला मिळालं. कन्नड मुलखात लोक त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात, आपल्याकडे ‘माकडताप’.

सैबेरियाचा विषाणू सह्याद्रीत कसा पोचला? हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्याबरोबर गोचिडी घेऊन येत असतील, असा एक तर्क निघाला. या शंकेमुळे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला जागतिक आरोग्य संघटनेचं पाठबळ मिळालं आणि सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी मोहीम सुरू झाली. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या मोहिमेमुळे ठाऊक आहे. चुकलेल्या तर्काने विज्ञानाचं इतकं भलं केल्याची उदाहरणं थोडी असतील.

आता त्या गोचिडीकडे येतो, कारण मला खरी भुरळ तिनेच घातली. हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या पात्यावर किंवा वाळक्या पानाच्या कडेला पुढचे दोन पाय उचलून वाट पाहत बसते. त्या पायांवर एक सूक्ष्म खळगा असतो, हॅलरचं इंद्रिय. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला त्याने कळते. आयुष्यात ती तीनदा रक्त पिते आणि तिन्ही वेळा वेगळ्या प्राण्याचं. अंड्यातून निघालेल्या अळीला सहा पाय असतात. ती पावसाळा संपताना बाहेर पडते आणि उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड असं जे सापडेल त्याला चिकटते. पोट भरलं की गळून पडते, कात टाकते, आठ पायांची होते. हिला निम्फ म्हणतात आणि ती तिळाएवढी असते. निम्फ नोव्हेंबरपासून मेपर्यंत रानात असते, जानेवारी ते मार्च तिचा भर. पुन्हा रक्त, पुन्हा कात. मग पावसाळ्यात पूर्ण वाढलेली गोचीड गाई-म्हशींवर चढते आणि जमिनीवर उतरून हजारोंनी अंडी घालते.

विषाणू या चक्रात अचूक बसला आहे. अळी असताना पोटात गेलेला विषाणू कात टाकल्यावरही निम्फच्या अंगात टिकतो. रानातल्या लहान प्राण्यांना त्याचा फारसा त्रास दिसत नाही. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं मात्र मरतात. माकडाच्या रक्तात विषाणूची संख्या प्रचंड वाढलेली असते. ते मरून पडलं, अंग गार झालं, की त्याच्यावरच्या शेकडो गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागेभोवती पसरतात. काही दिवसांनी तिथून लाकूड आणायला गेलेल्या माणसाला निम्फ चावते. माणूस या साखळीचा शेवट आहे. माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही. पण ज्याला लागतो त्याचे हाल होतात: एकाएकी सणकून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, कधी नाकातोंडातून रक्त. काहींचा ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. शंभरातले तीन ते पाच दगावतात.

हे सगळं कळलं ते फडक्याने. केंद्राने शिमोगा जिल्ह्यातल्या सागर इथे क्षेत्रीय ठाणं उभारलं. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं, महिन्यामागून महिने, ठरलेल्या वाटांवर फडकी ओढली. सापडलेल्या गोचिडी जातीनुसार, अवस्थेनुसार वेगळ्या केल्या, कुटून त्यांचा अर्क उंदरांच्या पिल्लांना टोचला. अशा कामाला कोणी पुरस्कार देत नाही. काहींना याच कामात माकडताप झाला, रानातही आणि प्रयोगशाळेतही.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हे फडकं मी प्रत्यक्ष ओढलेलं पाहिलं. ओढणारा माणूस हिवताप खात्यातला कीटक समाहारक. पदाचं नाव भारदस्त, पगार बेताचा. गमबूट, पायघोळ पँट मोज्यांत खोचलेली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातापायांना तेल चोळलेलं. काजूच्या बागेच्या कडेने, जिथे रान सुरू होतं तिथे, तो साधारण मीटरभर फडकं संथपणे ओढत चालला होता. घाई केली तर गोचीड पकडच घेत नाही आणि फार रेंगाळलं तर चिकटलेली पुन्हा उतरते, असं त्याने सांगितलं. थोड्या पावलांनंतर तो थांबे, फडकं उलटं करून उजेडाकडे धरी. मला पांढऱ्या कापडावर धूळ दिसत होती. त्याला त्या धुळीत चालणारं काय आणि नुसतं पडलेलं काय, हे लगेच कळत होतं. बारीक चिमट्याने उचलायचं, नळीत टाकायचं, नळीवर जागा, तारीख आणि वेळ लिहायची. गोचिडीची जात भिंगाखाली ठरते, पण त्याचा अंदाज सहसा खरा ठरतो असं त्याच्या वरिष्ठांनीही सांगितलं. ही नजर पुस्तकातून येत नाही. ती त्याला एका निवृत्त सहकाऱ्याकडून आली होती आणि त्याच्यानंतर ती कोणाकडे जाणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

तो काजूच्याच कडेला का फिरत होता, ते समजायला पुन्हा साठच्या दशकात जावं लागतं. सागरच्या ठाण्यात कोलंबियाहून आलेले जॉर्ज बोशेल हे शास्त्रज्ञ होते. कोलंबियात लाकूडतोड्यांनी झाड पाडलं की शेंड्यावरचे निळे डास खाली येतात, हे पाहून त्यांनी जंगली पीतज्वराचा माग काढला होता. इकडे त्यांनी रान, शेत आणि गुरं यांचा मेळ पाहिला. त्यांचं म्हणणं असं, की विषाणू रानात पूर्वीपासून असावा. माणसाने रान फोडून शेतं केली, मधल्या पट्ट्यांत घाणेरीची झुडपं माजली, त्यांत गुरं चरू लागली, आणि गुरांमुळे पूर्ण वाढलेल्या गोचिडींना भरपूर रक्त मिळू लागलं. गोचिडी वाढल्या, विषाणू वर आला. १९६९ साली त्यांनी हे लिहिलं. १९८२ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडीजवळ काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि तिथे माकडतापाची मोठी साथ आली.

कोकणातल्या वाचकाला यापुढचं सांगायला नको. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरीत डोंगरउतारांवर काजू आहे, बागेला लागून रान आहे, रानात वानर आहेत, दारात गुरं आहेत. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, म्हणजे बरोबर निम्फचा हंगाम. बिया वेचायला बायका बागेत वाकून, बसून, तासन् तास पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पाचोळ्यात, हात घालतात. तोच पातेरा गोठ्यात पसरायला घरी आणतात. सत्तरीत २०१५ साली माकडताप आला. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्गातल्या केर गावात आला, पुढच्या वर्षी बांदा परिसरात. त्याआधी तो बंदीपूर, निलगिरी, वायनाडपर्यंत पोचला होता. पहिली पंधरा वर्षं शिमोग्यातच घुटमळलेला आजार आज पश्चिम घाटाच्या पाच राज्यांत आहे.

आणि या नव्या गावांत बहुतेक ठिकाणी ताप आधी कळला, गोचिडी नंतर मोजल्या गेल्या. माझ्या काळजीचं हेच कारण आहे. सागरमधलं दीर्घ मोजणीचं काम सत्तरच्या दशकात आटत गेलं. मूळ प्रश्न सुटले असं वाटलं असावं. पण एका तालुक्यातल्या वाटांवरची मोजणी दुसऱ्या तालुक्याला चालत नाही. सिंधुदुर्गाचं रान वेगळं, पाऊस वेगळा, गुरांची संख्या वेगळी.

लशीकडे पाहून सुटकेचा श्वास टाकावा तर तिथेही निराशा आहे. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात होती. सुरुवातीच्या चाचण्यांत दोन मात्रांनी ९४ टक्के संरक्षण दिसलं. २००५ ते २०१० या काळातल्या पाहणीत तो आकडा ६२ टक्क्यांवर आला आणि वर्धक मात्रा धरून ८३. महिन्याच्या अंतराने दोन सुया, मग वर्धक, मग दरवर्षी एक. सुई दुखते. मजुरी बुडवून कोण किती वेळा येणार? बऱ्याच जणांनी मात्रा अर्धवट सोडल्या. शिमोगा जिल्ह्यातच, शरावतीच्या खोऱ्यात अरळगोडू परिसरात २०१९ साली माणसं दगावली, तेव्हा या लशीबद्दलचा उरलासुरला विश्वासही डळमळला. पुढे ती बंदच झाली. नव्या लशीचं काम सुरू आहे, पण काजू वेचणाऱ्या बाईच्या दंडापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

तोवर उरतं ते तेल. आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल अंगाला लावून रानात जावं, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी, कपडे उकळावेत, असं सांगितलं जातं. सल्ला चांगला आहे. पण उन्हात घाम आला की तेल वाहून जातं, बाटली संपली की दुसरी वेळेवर येतेच असं नाही, आणि पहाटे अंधारात बागेकडे निघालेल्या बाईला अंघोळीचं पाणी तापवायला लाकडंही त्याच रानातून आणायची असतात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवावं, म्हणजे भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यात कीटकनाशकाची भुकटी टाकता येते आणि शव जाळता येतं. ही पद्धत खरोखर उपयोगी आहे, कारण माकडाचं मरण हा माणसांच्या तापाआधी मिळणारा महत्त्वाचा इशारा. पण माकड खोल रानात मरतं. दिसेपर्यंत बरेचदा सांगाडाच उरतो, आणि सांगाड्यावरून ते कशाने मेलं हे कळत नाही. वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य अशा तीन खात्यांच्या फोनाफोनीत दिवस जातो. गोचिडी थांबत नाहीत.

रुग्णाचं निदान हीही अडचणच. कोकणात पावसानंतर लेप्टो असतो, हिवताप असतो, डेंग्यू असतो. सगळ्यांची सुरुवात तापाने आणि अंगदुखीने. पहिल्या काही दिवसांत विषाणूचा अंश शोधणारी चाचणी आणि नंतर प्रतिपिंडांची, या दोन्ही आता उपलब्ध आहेत. पुण्याच्या संस्थेचं त्यात मोठं काम आहे. पण माकडतापाची शंका डॉक्टरच्या मनात आली तरच नमुना पुढे जातो. आशाताईंना ही शंका बहुधा सगळ्यांत आधी येते, कारण अमक्या घरातली बाई काल कुठल्या बागेत होती हे त्यांना ठाऊक असतं.

गुरांवर गोचीडनाशक वापरून पूर्ण वाढलेल्या गोचिडींचं रक्त तोडावं, असाही विचार पुढे आला आहे. बोशेल यांचं म्हणणं बरोबर असेल तर मुळावर घाव इथेच बसेल. त्यासाठी आधी गावोगाव मोजायला हवं: कुठल्या बागेत किती निम्फ, औषधाआधी किती, नंतर किती. नवी लस आली तरी आधी कोणत्या गावांना, हे ठरवायला हीच मोजणी लागेल. दोडामार्गातल्या त्या समाहारकाकडे पावसाळ्यात डेंग्यूचं घरोघरचं सर्वेक्षण असतं, हिवतापाच्या रक्तपट्ट्या असतात, आणि त्यातून वेळ निघाला तर रान. जोडीला दुसरा माणूस मिळाला तर नोव्हेंबरपासून मेपर्यंत दर पंधरवड्याला त्याच वाटांवर फडकं ओढता येईल, असं तो म्हणाला. त्याची मागणी एवढीच आहे, आणि ती पुरी करण्यासारखी आहे.