सोनेरी केसांचा बाँड? छे!

14 ऑक्टोबर 2005. थेम्समधून नौदलाच्या बोटीने डॅनियल क्रेग नवा जेम्स बाँड म्हणून लंडनकरांसमोर आला, तोही लाइफ जॅकेट घालून. झालं! केस सोनेरी, उंची कमी, वर हा थाट? चिडलेल्या चाहत्यांनी थेट बहिष्काराची हाक दिली.

खरं तर बाँड मालिकेला नवी सुरुवात हवीच होती. 2002च्या ‘डाय अनदर डे’मध्ये गाडीच अदृश्य झाली होती, आणखी काय व्हायचं राहिलं होतं! ‘कसिनो रोयाल’मध्ये (2006) दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलने नवखा, चुकणारा, मार खाणारा बाँड उभा केला. आधीचा बाँड ब्रॉस्नन, त्याचा पहिला बाँडपट ‘गोल्डनआय’ही कॅम्पबेलचाच, बरं का. टीकेचा सूर पालटला, क्रेगला बाफ्टाचं नामांकन मिळालं आणि तो पाच चित्रपट टिकला. ‘कसिनो रोयाल’ बघाल तेव्हा सुरुवातीचा कृष्णधवल प्रसंग चुकवू नका.