तराजूतले आणि तराजूबाहेरचे

बँकेच्या नोकरीत इतरांच्या मालमत्तेचे मूल्यांकन करण्यात माझे आयुष्य गेले. त्या तक्त्यात ‘भंगारमूल्य’ नावाचा एक रकाना असे. गेल्या वर्षी तो रकाना आमच्याच घरी आला. नगरच्या आडते बाजाराजवळचा आमचा जुना वाडा भावांच्या वाटणीनंतर उतरवायचे ठरले. सागवानी तुळया, खांब आणि कडीपाट ठेकेदाराने ठोक भावाने घेतला. कागदावर सही माझी होती, आणि हिशेबात चूक नव्हती.

आठ दिवसांनी सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, देवडीवरच्या कंदिलाची कडी काढून घेतली होती ना?”

ती घेतली नव्हती. दुकान बंद झाल्यावरही आजोबा त्या कडीला रात्रभर पेटता कंदील टांगीत. शेवगाव-पाथर्डीकडून ज्वारीच्या गाड्या अपरात्री येत. त्यातल्या कित्येक दुसऱ्याच आडत्याकडे जाणाऱ्या असत, तरी वळण सर्वांना दिसे. रॉकेलचा पैसा वहीत ‘किरकोळ खर्च’ म्हणून पडे.

मुंबई-अलिबागचा प्रवास आधीच ठरलेला होता. वाटेत पुण्याला, जिथे आमचे लाकूड गेले होते त्या वखारीत थांबलो. कुणाकुणाच्या घरांचे दरवाजे भिंतीला टेकून उभे होते. काहींवर हळदीकुंकवाचे डाग तसेच होते. आमची तुळई कापून झाली होती. वखारवाले म्हणाले, “लाकूड घनफुटावर जातं, काका. लोखंड वजनावर गेलं, भंगारात.” त्यांचा काय दोष? विकणारा मीच होतो.

मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यातून गेलो. येथे जुनी जहाजे तोडली जातात. 1961 मध्ये नौदलात दाखल झालेली, 1971 च्या युद्धात गाजलेली ‘विक्रांत’ 1997 मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये सुमारे 60 कोटी रुपयांना विकली जाऊन येथेच तुटली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीत गेला. धातू वाया जात नाही, ही भंगार व्यवसायाची मोठी सेवा आहे. पण त्याचा तराजू वजनच दाखवतो.

दुसऱ्या दिवशी समुद्र ओलांडून मांडव्याला उतरलो आणि थळहून होडीने खांदेरीला गेलो. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रज व सिद्दी यांचा विरोध झुगारून येथे किल्ला उभारला. 2025 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. येथील दीपगृह 1867 चे. तेथून दक्षिणेस, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईचे दीपगृह 1955 चे. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याचा ठेका वेगळा असतो. त्यावरून नाविक रात्री किनारा ओळखतो. प्रकाश लांब पोहोचतो तो भिंगामुळे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1820 च्या सुमारास ही युक्ती शोधली.

कोर्लईच्या जिन्यावर मला एम.कॉम.चा वर्ग आठवला. सार्वजनिक वस्तूचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे दीपगृह: जो पाहील त्याला प्रकाश मिळतो, पैसे न देणाऱ्याला अडवता येत नाही. रोनाल्ड कोस यांनी 1974 मध्ये दाखवले की इंग्लंडमध्ये दीपगृहांचा खर्च बंदरात जहाजांकडून शुल्क घेऊन भागवला जात असे. आपल्याकडेही 1927 च्या कायद्याने असेच दीपशुल्क बसवले. म्हणजे दिव्याचा हिशेब असतो. तरीही समोरच्या लहान होड्यांतील कोळी बांधव त्याच उजेडात विनामूल्य घरी परततात.

आयर्लंडमध्ये हुक नावाचे दीपगृह तेराव्या शतकाच्या आरंभापासून उभे आहे. यंत्रे आल्यावर 1996 मध्ये त्याचे रखवालदार गेले, पण दिवा चालूच आहे. माणसे बदलतात, साधने बदलतात. काम कुणीतरी पुढे चालवावे लागते. हे वाचले होते. अर्थ कोर्लईला उमगला. मी वखारीत लोखंडाची कडी शोधत होतो. हरवला होता तो दिवा.

नगरला परतल्यावर भावांना एकत्र बोलावले. वाड्याच्या जागी बांधकाम सुरू आहे. त्याच्या कोपऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून, रात्रभर जळणारा एक दिवा लावायचे ठरले. धाकटा भाऊ म्हणाला, “वीजबिल कुणाच्या नावावर, दादा?” मी म्हटले, “किरकोळ खर्चात टाक.”

आपल्यापैकी अनेकांचे वाडे आज उतरवले जात आहेत. व्यवहार जरूर करावा, पण ठेकेदाराला किल्ली देण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन एकदा सावकाश फिरावे. कोणती वस्तू कशासाठी होती, ते विचारावे. ती यादी मी केली नाही.