चंदीगडच्या खुर्च्यांवरील अक्षरें

हस्तलिखिताची प्रत कोणी, केव्हां व कोठें केली हें जसें पुष्पिकेवरून कळतें, तसेंच कांहीं लांकडी सामानाचेंही आहे. चंदीगड नगर वसवितांना ल कॉर्बुझिए यांचे भाऊबंद पिएर जानरे यांनीं १९५१ ते १९६५ पर्यंत तेथें राहून कचेऱ्या व विद्यापीठ यांकरितां सागवान व वेत यांचें सामान योजिलें. तें निरनिराळ्या कारखान्यांत घडल्यामुळें मापें एकसारखीं नाहींत. कर्त्याची सहीही सहसा नसते. मात्र पाठीवर कचेरीचें संक्षिप्त नांव व अनुक्रमांक रंगविलेला आढळतो. तीच त्याची पुष्पिका.

पुढें हें सामान निकामी ठरून भंगाराच्या भावानें विकलें गेलें, व परदेशांतील लिलावांत त्यास लक्षावधि रुपये आले. २०११ सालीं केंद्रीय गृहखात्यानें विक्रीस व निर्यातीस आळा घातला. परंतु १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें हस्तलिखितास ७५ व खुर्चीसारख्या वस्तूस १०० वर्षें भरावीं लागतात. अर्थात् हें सामान अद्याप पुरावस्तु नव्हे, व परदेशांतील विक्री चालूच आहे.

नवें रोगण देण्यासाठीं लांकूड खरवडतांना हीं अक्षरें नाहींशीं होतात. तीं बनावटही असूं शकतात. तेव्हां सांधे व झीज यांशीं ताडून पाहावीं. आमची विनंति एवढीच कीं, संग्राहकांनीं प्रथम अक्षरांची नक्कल उतरून घ्यावी, मगच दुरुस्तीस हात घालावा.