कडकनाथ कुणी विकली, कुणी घेतली?

मंडळी, भामटा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन माणसं येतात. एक अतिहुशार ठक आणि एक हावरट गिऱ्हाईक. पण आपल्या भागातल्या कडकनाथ प्रकरणाला हे चित्र लावून बघा, बसत नाही.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. महापूर ओसरत होता आणि त्याच सुमारास इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो कंपनीचा व्यवहार कोसळला. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी पैसे भरून पिल्लं घेतली होती, अंडी कंपनीच चढ्या भावानं विकत घेणार होती. कडकनाथ काही बनावट नव्हती बरं का! झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं. चांगल्या फसवणुकीत बराचसा माल खराच असतो.

खोट होती गणितात. समजा एकाकडे शंभर कोंबड्या आहेत. वर्षाला प्रत्येकी ऐंशी अंडी धरा, म्हणजे आठ हजार. निम्मी उबली तरी चार हजार पिल्लं. एका शेतकऱ्याला दोनशे पिल्लं द्यायची तर वीस नवे शेतकरी लागतात. पुढच्या वर्षी चारशे, मग आठ हजार, चौथ्या वर्षी दीड लाखावर. महागडं अंडं रोज खाणारं गिऱ्हाईक नसेल, तर जुन्याचे पैसे नव्याच्या खिशातूनच येणार. १९२० मध्ये बोस्टनला चार्ल्स पाँझीनं टपालाच्या कूपनांच्या नावाखाली हेच केलं.

मग शेतकरी हावरट होता का? मला नाही वाटत. ऊस आज घालायचा, बिल नंतर घ्यायचं. दूध रोज घालायचं, पगार दहा दिवसांनी. आधी माल, मागून पैसा ही इथली रीतच आहे, आणि तिच्यावर कारखाने उभे राहिले. योजना आली ती याच ओळखीच्या वाटेनं. त्यात पाहुण्याला पहिले पैसे खरोखर मिळालेले! त्याच्याइतका चांगला जाहिरातदार कुठला?

आता फसवणाऱ्याचं मन. या प्रकरणातल्या आरोपींच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही, ते काम कोर्टाचं. पण डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं अफरातफरीबद्दल तुरुंगात असलेल्यांशी बोलून १९५३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं की असा माणूस स्वतःला चोर म्हणवत नाही. ‘उसने घेतलेत, परत करीन’ हे तो आधी स्वतःला पटवतो. साखळी योजनेत हे फार सोपं जातं. नवी भरती आली की जुनी देणी भागतात, आणि रोज संध्याकाळी त्याला वाटतं, आपण दिलेला शब्द पाळला. शिवाय लोक सत्कार करतात, फोटो काढतात. हा मान पैशाइतकाच चढतो, माझ्या मते जास्तच.

शेवटचा डाव पैसे बुडाल्यावर सुरू होतो. अर्व्हिंग गॉफमननं १९५२ च्या निबंधात तो मांडलाय: फसलेल्याला थंड करायचं, म्हणजे तो ओरडणार नाही. ‘जरा कळ काढा, पुढच्या महिन्यात नक्की.’ आणि निम्मं काम आपणच करून देतो. गावात हसं होईल म्हणून माणूस चौकीची पायरी चढत नाही. इथे मात्र लोक गप्प बसले नाहीत. गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले, सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्याही फेकल्या गेल्या.

तोवर शेडमधल्या कोंबड्यांना खाद्य लागतच होतं, आणि ते घालत होता शेतकरीच.