मनोराज्यातील संघ आणि जायबंदी खेळाडू



हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळीचे मैदान आणि मेजर ध्यानचंदांची काठी उभी राहते. आज ज्या हॉकीविषयी बोलावयाचे आहे ती मात्र निराळी. ती बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून खेळतात. चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती असते, आणि कॅनडात या खेळाचे वेड आपल्याकडील क्रिकेटच्या वेडासारखेच घरोघर पसरलेले आहे. कॅनडा व अमेरिका मिळून चालणारी तिची मुख्य स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. आज ज्या वर्षांचा हिशेब मी मांडणार आहे, त्यांतील पूर्ण हंगामात प्रत्येक संघ साखळीचे ८२ सामने खेळत असे.

या स्पर्धेच्या आधारे तेथील लोक घरबसल्या दुसरा एक खेळ खेळतात. त्यास फॅन्टसी हॉकी म्हणतात; आपण मनोराज्यातील संघ म्हणू. दहाबारा स्नेही मंडळ करून बसतात आणि हंगामापूर्वी पाळीपाळीने खरेखुरे खेळाडू आपापल्या कागदी संघात निवडून घेतात. पुढे प्रत्यक्ष सामन्यात त्या खेळाडूने जे करून दाखविले, त्याचे गुण त्याच्या कागदावरील धन्यास मिळतात. क्रिकेटच्या निमित्ताने हा प्रकार आपल्याकडील तरुणांच्याही परिचयाचा झाला आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांना आपल्या संसदेने २०२५ साली कायद्याने मनाई केली, आणि पैजेशी या भाषणाचा काही संबंध नाही. मला गोडी आहे ती यातील हिशेबाची. कारण तो हिशेब माणसाची पारख कशी करावी, या जुन्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

प्रश्न असा: जो आघाडीचा खेळाडू खेळतो तेव्हा उत्तम खेळतो, परंतु वारंवार जायबंदी होतो, त्याचे मोल किती धरावे?

याची दोन उत्तरे चटकन सुचतात. पहिले, वर्षाची बेरीज पाहावी. दुसरे, दर सामन्यामागे सरासरी पाहावी. दोन्ही अपुरी आहेत. शाळेतील उदाहरण घेऊ. सहा चाचण्यांपैकी एक मुलगा तीनच चाचण्यांना बसला आणि प्रत्येकीत त्याने ८० गुण मिळविले; त्याची बेरीज २४०. दुसरा सहाही चाचण्यांना बसला आणि दर वेळी ४५ गुण मिळवीत राहिला. त्याची बेरीज २७०. बेरीज म्हणते दुसरा थोर, सरासरी म्हणते पहिला. वर्गात हा वाद मिटणे कठीण, कारण गैरहजर मुलाच्या जागी दुसऱ्यास बसवून पेपर लिहविता येत नाही. मनोराज्यातील संघात मात्र तसे करता येते! सर्व हिशेब बदलतो तो या एका फरकामुळे. बहुतेक मंडळांत जायबंदी खेळाडूसाठी एक राखीव जागा असते. त्यास तेथे ठेवावयाचे आणि कोणी न निवडलेला एखादा मध्यम खेळाडू तेवढ्यापुरता त्याच्या आसनावर बसवावयाचा. म्हणून मोल मोजावयाचे ते एकट्या खेळाडूचे नव्हे, तर वर्षभर त्या आसनाने किती गुण मिळविले, त्याचे.

हे तत्त्व एका खऱ्या कारकिर्दीस लावून पाहू. स्टीव्हन स्टॅमकोस हा कॅनडातील मार्कम गावी १९९० साली जन्मलेला आघाडीचा खेळाडू. २००८ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत टॅम्पा बे लायटनिंग या संघाने त्यास सर्वांत प्रथम उचलले. २०११-१२ च्या हंगामात त्याने ६० गोल केले. त्यानंतर मात्र दुखापतींची मालिका सुरू झाली.

११ नोव्हेंबर २०१३ रोजी बोस्टन येथील सामन्यात मागे धावताना तो गोलच्या खांबावर आदळला आणि उजव्या पायाची नडगी मोडली. २०१६ च्या वसंत ऋतूत उजव्या खांद्याजवळ रक्ताची गुठळी आढळून शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात उजव्या गुडघ्यातील कूर्चा फाटली. मार्च २०२० मध्ये पोटाच्या खालच्या भागातील स्नायूंवर शस्त्रक्रिया झाली. ही यादी ऐकून कोणीही म्हणेल, असा खेळाडू संघात घेणे म्हणजे तडा गेलेला माठ विकत घेणे होय.

आता श्रोत्यांनी जवळ असल्यास कागद-पेन्सिल घ्यावी. गुण देण्याची रीत मंडळागणिक बदलते. आपण गोलास ३ आणि दुसऱ्याच्या गोलास केलेल्या साहाय्यास २ गुण धरू. २०११-१२ मध्ये ६० गोल व ३७ साहाय्ये, म्हणजे २५४ गुण. ८२ सामन्यांत वाटले असता दर सामन्यास ३.१० पडतात. पाय मोडला त्या २०१३-१४ मध्ये ३७ सामन्यांत २५ गोल व १५ साहाय्ये, म्हणजे अवघे १०५ गुण. आता तुलनेसाठी एक काल्पनिक खेळाडू घेऊ. तो कधी आजारी पडत नाही, ८२ ही सामने खेळतो आणि दर सामन्यास बरोबर २ गुण आणतो. त्याचे १६४ होतात. बेरजेच्या न्यायाने १६४ पुढे १०५ म्हणजे सपशेल हार.

परंतु आसनाचा हिशेब निराळा निघतो. मोकळा असलेला मध्यम खेळाडू दर सामन्यास दीड गुण आणतो असे समजा. स्टॅमकोसच्या गैरहजेरीतील ४५ सामन्यांत तो ६७.५ गुण आणील. १०५ आणि ६७.५ मिळून १७२.५ झाले. अर्थात अर्ध्याहून अधिक हंगाम अंथरुणात काढलेल्या माणसाचे आसन त्या धडधाकट सोबत्याच्या पुढे जाते. याच दराने हिशेब केल्यास ३१ सामने खेळला तरी पुरे; त्याखाली मात्र धडधाकट सोबतीच बरा. गुडघा फाटला त्या २०१६-१७ मध्ये स्टॅमकोस १७ च सामने खेळला. त्याचे स्वतःचे ४९ गुण आणि बदली खेळाडूचे ९७.५, एकूण १४६.५. हे १६४ पेक्षा कमी आहेत. तेव्हा दुखापतीने काही बिघडत नाही, असा याचा अर्थ कोणी करू नये. किती बिघडते हे मोजता येते, एवढाच याचा अर्थ.

ज्या मंडळात राखीव जागाच नाही, तेथे हे गणित कोसळते. जायबंदी खेळाडू आसन अडवून बसतो, ते टाकावे तर खेळाडू हातचा जातो आणि ठेवावे तर जागा ओस पडते. म्हणून खेळाडूची प्रकृती पाहण्यापूर्वी मंडळाचे नियम वाचावेत. आपले लोक याच्या उलट करतात आणि मग नशिबास बोल लावतात.

येथवर सरासरीवर विसंबून चाललो. आता सरासरीचीही झडती घेऊ. २०१३-१४ चा दर २.८४ पडतो. त्याचे दोन तुकडे करा. पाय मोडण्यापूर्वी १७ सामन्यांत १४ गोल व ९ साहाय्ये, म्हणजे ६० गुण, दर ३.५३. मार्चमध्ये परतल्यानंतर २० सामन्यांत ११ गोल व ६ साहाय्ये, म्हणजे ४५ गुण, दर २.२५. एकाच सरासरीच्या पोटात दोन निराळे खेळाडू दडलेले होते. पुढील दोन हंगाम तो जवळजवळ पूर्ण खेळला आणि दर अनुक्रमे २.२८ व २.१३ राहिला. परत येणे आणि बरे होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हाड जुळते महिन्यांत. त्या हाडावर निःशंकपणे भार टाकणाऱ्या मनास किती काळ लागतो, ते क्ष-किरणांत दिसत नाही. त्यातही ज्या मंडळांत शेवटचे निर्णायक सामने मार्चअखेरीस होतात, तेथे त्या कमी दराचाच खेळाडू नेमका मोक्याच्या वेळी हाती येतो.

दुखापतीनंतर खेळाचा प्रकारही बदलू शकतो. गुडघ्यानंतरच्या २०१७-१८ मध्ये स्टॅमकोसचे गोल २७ च झाले. परंतु साहाय्ये ५९ झाली. सोबतीस निकिता कुचेरोव्हसारखा खेळाडू होता, ज्याने त्या वर्षी गोल व साहाय्ये मिळून शंभरी गाठली. आपल्या रीतीने या हंगामाचा दर २.५५ पडतो, म्हणजे ४३ गोलांच्या २०१४-१५ पेक्षा सरसच. केवळ गोल मोजणाऱ्या मंडळात मात्र तोच हंगाम फिका ठरला असता. मोल खेळाडूत असते तितकेच ते मोजणाऱ्याच्या मापातही असते.

आता प्रत्येक दुखापतीस एक प्रश्न विचारावा: हा अपघात की खोड? खांबावर आदळून नडगी मोडणे हा अपघात होय. तो पुन्हा घडेलच असे मानण्यास कारण नाही. एकच स्नायू किंवा एकच सांधा वरचेवर कुरकुरू लागला, तर तेथे सावध राहावे. स्टॅमकोसच्या दुखापती बहुतांशी निरनिराळ्या अवयवांच्या आणि निरनिराळ्या कारणांच्या होत्या. त्या एका दोरीत ओवून आपण त्यास ठिसूळ ठरवितो. पण दोरी आपली असते. २००८-०९ पासून २०२४-२५ पर्यंत तो १७ हंगाम खेळला. त्यांपैकी १३ हंगामांत तो संघाच्या पाचाहून अधिक सामन्यांना मुकलेला नाही. चार वाईट वर्षांनी नाव झाले. तेरा धड वर्षे कोणी मोजली नाहीत.

आणि या सर्व दुखापतींनंतरच्या २०२१-२२ मध्ये काय घडले पाहा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने ८१ सामन्यांत ४२ गोल व ६४ साहाय्ये केली. आपल्या रीतीने गुण होतात २५४, म्हणजे दहा वर्षांपूर्वी ६० गोलांच्या हंगामात जितके झाले होते नेमके तितकेच. गोल घटले, साहाय्ये वाढली, बेरीज तीच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ च्या जुलैत तो नॅशव्हिल प्रेडेटर्स या संघात गेला. २०२४-२५ च्या हंगामात एकही सामना न चुकविता तो ८२ ही सामने खेळला. आणि २७ गोल व २६ साहाय्ये मिळून त्याचे १३३ गुण झाले. गुडघा फाटल्याच्या वर्षी, १७ सामन्यांनंतर बदली खेळाडू बसवून, त्याच आसनाने १४६.५ गुण मिळविले असते. हजेरीपट पूर्ण भरलेला, आणि तरी आसन हलके. वय, नवे सोबती, संघाची एकंदर घसरण, यांपैकी कशाची नोंद वैद्याच्या दाखल्यात होत नसते. दुखापतीच्या भीतीने जो केवळ हजेरी विकत घेतो, त्याच्या पदरी कित्येकदा असे रिकामे पूर्णत्व पडते.

शेवटी या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीतील तिसऱ्या सामन्यात, कित्येक महिन्यांच्या दुखण्यानंतर, स्टॅमकोस डॅलस स्टार्स या संघाविरुद्ध बर्फावर उतरला. त्या सामन्यात तो एकूण २ मिनिटे ४७ सेकंद खेळला आणि तेवढ्यात त्याने एक गोल केला. त्यानंतर त्या फेरीत तो पुन्हा उतरू शकला नाही. त्याच्या संघाने मात्र चषक जिंकला. मनोराज्यातील बहुतेक मंडळे साखळी सामन्यांबरोबर आपली वही मिटवितात. त्या वहीत या गोलास शून्य गुण आहेत. त्यावरून वही खोटी ठरत नाही. ती ज्या कामासाठी आखली होती ते काम तिने केले. तो गोल किती मोलाचा होता, हे त्याच्या सोबत्यांना विचारावे.

तेव्हा ज्या घरांत मुले-नातवंडे असे कागदी संघ मांडून बसत असतील, तेथील वडीलधाऱ्यांनी त्यांना चार गोष्टी विचारावयास शिकवावे. खेळतो तेव्हा तो काय आणतो? तो नसेल तेव्हा त्या आसनावर कोण बसेल? त्याची दुखापत अपघात की खोड? आणि परतल्यावर तो पूर्वीचाच आहे, की दुसऱ्या रीतीने उपयोगी पडणारा? या चारांची उत्तरे कागदावर लिहून मग निवड करावी. निवड चुकली तरी ती कोठे चुकली, हे त्या कागदावरून कळेल; आणि गणिताचा अभ्यास घडेल तो निराळाच.