मरणाचा आकडा कोण लिहितो?

सीपीआर म्हटले की कोल्हापुरातल्या आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर केसपेपरची रांग येते. तो केसपेपर पुढे कुठे जातो, हे कोणी विचारत नाही. रुग्ण बरा होऊन घरी गेला काय किंवा दगावला काय, मोठ्या रुग्णालयात त्याचे कागद रेकॉर्ड विभागात जातात. तेथील कर्मचारी डॉक्टरांचे न लागणारे अक्षर लावून आजाराला एक कोड देतो. हा कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-१०’ यादीतला. मृत्यूच्या कारणांची सरकारी आकडेवारी अशा कोडमधूनच उभी राहते.

याचा आपल्याशी संबंध काय? गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो. तो बहुतेक कोणत्या समाजाचा असतो, हे सांगायला नको. दाखल्यावर मात्र ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे लिहून काही डॉक्टर मोकळे होतात. अहो, मेल्यावर हृदय कोणाचे चालू राहते? मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ हा फॉर्मच सांगतो की प्राण कसा गेला ते नको, मूळ कारण लिहा. पण लिहिले तेवढ्यावर कोड पडतो ‘आय ४६.९’. विषारी वायूची अपघाती बाधा लिहिली असती तर ‘एक्स ४७’ पडला असता. कामगार हृदयविकाराच्या रकान्यात जातो आणि गटार नामानिराळे राहते.

असाच एक दाखला आमच्या हाती आला होता. कंत्राटदाराच्या वकिलाने नेमकी तीच ओळ वाचून दाखवली. पोस्टमार्टमचा अहवाल मिळवायला आमच्या किती खेपा झाल्या, ते आम्हालाच ठाऊक. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवली. पण कागद फिरला की विधवेची भरपाईही अडते.

रेकॉर्ड विभागातल्या कर्मचाऱ्यावर आमचा राग नाही. त्याने मनाने कारण लिहायचे नाही, शंका आली तर डॉक्टरांना विचारायचे, अशी या कामाची रीत आहे. कंत्राटावरच्या पोराला साहेबांना विचारायची हिंमत कुठून येणार?

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावीच लागते. बांधवांनो, दुःखातही ती प्रत मागा. ओळ चुकीची दिसली तर लगेच लेखी अर्ज द्या आणि पोहोच घेतल्याशिवाय हलू नका.